बाटलीशिवायचा धवला

ये, अशी जवळ ये. एक पाय उंबऱ्याच्या आत नि एक बाहेर ठेवून कसली बोलतेस? बस माझ्या बाजूला. आणि काल फोनवर जे म्हणालीस ना, ते आता माझ्या तोंडावर म्हण बघू. "मावशी, भावाची हळद आहे, त्याचे मित्र येणार, पोरांना थोडी द्यावीच लागते, एवढं चालायचंच." चालायचंच म्हणे! पालघरला ऑफिसात बसतेस, चार लोकांना शहाणपण शिकवतेस, आणि त्या मित्रांतला सगळ्यात लहान किती वर्षांचा आहे एवढं विचारायचं तुला सुचलं नाही? रागावले नाही गं. चहा ठेवलाय. तो उकळेपर्यंत ऐक.

ही माझ्या सासरची, दांडी गावची गोष्ट. तेव्हा बोईसरला कारखाने एकामागून एक उभे राहत होते. आमच्या गावची पोरं होडीवर जायची सोडून सायकली हाणत तिकडे जायला लागली होती. पण मांडव मात्र जुन्याच पद्धतीने पडायचा. लग्नाच्या आदल्या दिवशी गावातली बिनलग्नाची पोरं जमायची. बांबू आणायचे, खड्डे खणायचे, खांब रोवायचे, वर झावळ्या टाकायच्या, विहिरीवरून पाणी भरायचं, सगळं तीच करायची. मजुरीचं नाव कोणी काढत नसे. त्याबदल्यात घरवाल्याने मागच्या पडवीत पोरांसाठी एक खोका ठेवायचा. दमणहून आलेल्या बाटल्यांचा. खोक्यावर गोणपाट टाकलेलं असायचं, कारण मोठ्या माणसांना यातलं काही माहीत नाही अशी समजूत होती. आणि खोका आणून त्यावर गोणपाट टाकणारी माणसं कोण? तीच मोठी माणसं! पंधरा वर्षांचं पोर पहिल्यांदा पहार घेऊन खड्डा खणायला आलं की त्यालाही पेला मिळायचा. मग त्याची आई विहिरीवर सांगायची, "आमचा पण बसला हां काल मांडवात." जसा काही शाळेत पहिला आला.

माझा धाकटा दीर, मी लग्न होऊन आले तेव्हा चार वर्षांचा होता. माझ्याच कडेवर वाढला. त्याचा शेंबूड मी पुसला, पाढे मी म्हणून घेतले. सातापुढचे मलाच येत नव्हते, तरी घेतले. मग तो पालघरला जाऊन वेल्डिंग शिकला. सतराव्या वर्षी त्याच्या अंगात एवढा शहाणपणा आला की घरात त्याच्याशी बोलायची सोय राहिली नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर शेजारच्या आळीत लग्न निघालं आणि आमचे हे धाकटे साहेब मांडवात बसले. मला पत्ता नाही. दुपारी चारच्या सुमाराला आम्ही बायका किनाऱ्यावर बोंबील उलटत होतो. बांबूंच्या वलांड्या असतात बघ, त्यावर दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत टाकतात. तिथे हा आला. चालत असा होता की पायाखालची वाळू कोणी ओढून घेतेय. पहिल्या वलांडीपुढे उभा राहिला, हात जोडले आणि बोंबलाला म्हणाला, "माफ कर, दादा."

मग दुसऱ्याला. मग तिसऱ्याला. एकेकाची माफी मागत निघाला पुढे.

एक म्हातारी म्हणाली, "अरे, त्यांचं काय वाकडं केलंस तू?"

"मी लई खाल्लेत यांना, काकी," म्हणाला, नि डोळ्यांत पाणी!

बायका वाळूत लोळायच्या बाकी राहिल्या. पुढे एक जोडी जबड्यात जबडा अडकवलेली दिसली, तर हा ती सोडवायला लागला. "भांडू नका रे. एकाच आईची लेकरं तुमी." मला हसून हसून कळ आली पोटात. पदर तोंडात कोंबला मी.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. टोपली खाली ठेवून त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग मला हळूच म्हणाल्या, "याचा बापूस पण पयल्या दिवशी असाच हसवून गेलेला. आख्खा गाव हसला व्हता."

सासऱ्यांना मी कधी पाहिलं नाही. भिंतीवर फोटोत पाहिलं तेवढंच. चाळिशीसुद्धा गाठली नाही त्यांनी, आणि कशाने गेले हे आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. मी पदर तोंडातून काढला. हसू कुठे गेलं कळलंच नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी आमच्या घरातलंच लग्न, नणंदेचं. गुरुवारी मांडव आणि हळद, शुक्रवारी लग्न. आणि त्याच आठवड्यात दिराला पत्र आलं, बोईसरच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून शनिवारी सकाळी गेटवर हजर व्हा. त्या गेटवर एक वॉचमन होता. तो म्हणे नव्या पोरांना नाव विचारायचा, आणि पोराने नाव सांगायला तोंड उघडलं की पुढे वाकून वास घ्यायचा. आदल्या वर्षी आमच्या आळीतल्या दोघांना त्याने तिथल्या तिथे परत पाठवलं होतं. आता गुरुवारी उघडलेला खोका शनिवारपर्यंत पुरवायचा, हाही रीतीचाच भाग. म्हणजे बघ, पोर माझं, वॉचमन तो, आणि मधे खोका.

मी जाहीर केलं, आपल्या मांडवात खोका नाही.

आमचे हे म्हणाले, "मग खांब कोण रोवणार? तू?"

"रोवीन."

"आणि झावळ्या?"

"चढीन."

ते उठून होडीकडे गेले. पण गावात बातमी फुटली नि दुसऱ्याच दिवशी पोरांचं शिष्टमंडळ आमच्या ओट्यावर हजर. पुढारी म्हणजे होडी चालवणाऱ्या तांडेलाचा मुलगा, एकोणीस वर्षांचा. ओठावर चार केस, त्यांना पण तेल लावलेलं. आमचा दीर त्यांच्या मागे खांबाला टेकून उभा. कुठल्या बाजूचा आहे ते कळू न देता.

"वयनी," पुढारी म्हणाला, "खोका नाय तं खांब नाय."

"अरे, वडे आहेत, मटण आहे, कोळंबीचं कालवण आहे."

"त्ये पोटाचं झालं. मनाचं काय?"

"मनाला लिंबाचं सरबत."

पोरांनी एकमेकांकडे असं बघितलं की मी त्यांच्या थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं त्यांना. आमचे हे आत बसून जाळं दुरुस्त करत होते. अर्धा तास एकच भोक दुरुस्त करत होते, पण बाहेर आले नाहीत.

मग पुढारी हसला. "बरं, ऱ्हायलं. एक काम करा वयनी. म्हातारीची बाटली बंद करा, आमी खोका सोडतो. तिला चालतं नि आमाला चालत नाय, ह्यो कुठला न्याय? तिनं बाटलीबिगर धवला गायला तं आमी पानी पिऊन खांब रोवू. बोला, हाय कबूल?"

सगळी पोरं खदाखदा हसली. कारण हे होणं शक्यच नव्हतं.

ही म्हातारी म्हणजे आमच्या गावची धवलारीण. आमच्यात लग्न लावायला भटजी येतो तो मागाहून. मांडवाचा पहिला खांब उभा राहतो तेव्हापासून हळद लागेपर्यंत सगळं धवलारीण करते. ती पाटावर बसून धवला गाते, मागच्या बायका तिची ओळ झेलतात, आणि तिच्या गाण्यात ज्या विधीचा शब्द येतो तो विधी व्हायचा. आमची धवलारीण म्हणजे माझ्या यजमानांची सख्खी आत्या. तोंडात दात तीन, पण आवाज समुद्रापर्यंत जायचा. तिच्या पाटाशेजारी एक बाटली ठेवायची, तो तिचा मान. चाळीस वर्षं बाटलीशिवाय तिने तोंड उघडलं नव्हतं.

मी गेले तिच्याकडे. सुकट निवडत बसली होती.

"आत्याबाय, बाटलीशिवाय धवला होईल का?"

"पान्याबिगर होडी चालंल का?"

"एकदा बघा तरी."

"अगं, सोळा वर्सांची व्हते मी पयला धवला गायले तवा. घाबरून शबूद निघंना. माज्या सासूनं अर्दा पेला पाजली, तवा निघाला. तवापासून ती पुढं नि शबूद मागं."

मी म्हटलं, "म्हणजे तुम्हालाही मांडवातच लावली."

तिचा हात थांबला. "कोनासाठी आलीस तू?"

"तुमच्या भाच्यासाठी. धाकट्यासाठी."

"त्याच्या बापाला," ती म्हणाली, "माज्या भावाला, पयला पेला मीच दिलावता. असाच मांडव व्हता." पुन्हा सुकट निवडायला लागली. मला वाटलं, आता उठावं. तर म्हणाली, "आल्याचा चा कर गुरवारी. दूध नको. आनि मांडवात मी सांगंन त्ये सगळं झालं पायजे. मदी कोनी तोंड उघडायचं नाय."

मी तेव्हा या अटीकडे लक्षच दिलं नाही बघ.

गुरुवारी उजाडताच पोरं आली, मजेत होती. त्यांचा हिशेब सरळ होता. म्हातारी दुपारपर्यंत टिकत नाही, ती बाटली मागेल, मग खोका उघडायला आपण मोकळे. तो खोका त्यांनी आधीच आणून तांडेलाच्या होडीत जाळ्याखाली लपवला होता. होडी वर ओढून डागडुजीला लावलेली, आमच्या मागच्या दारापासून हाकेच्या अंतरावर. हे मला नंतर कळलं.

आत्याबाय पाटावर बसली. आल्याचा चहा प्यायली, तोंड वाकडं केलं, आणि गायला लागली.

आता नेहमी काय व्हायचं, तिच्या धवल्यात आधी देवांना बोलावणं असायचं. बाटलीवर असली की देव घोळक्याने यायचे. चार नावं घेतली की पुढचं "नि बाकीचं समदं" म्हणून संपायचं, मग खांब, मग हळद. गाण्याचं सगळं मिळून तासा-दीड तासात उरकायचं. त्या दिवशी नऊ वाजले तरी देवच चालले होते. एकेकाला नावाने, गावाने, वाटेने बोलावणं. केळव्याकडचे आले, डोंगरातले आले, खाडीतले आले, ज्यांची देवळंसुद्धा आम्हाला माहीत नाहीत असे आले. मागच्या बायका ओळ झेलून झेलून एकमेकींकडे बघायला लागल्या. सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "अगं, हिला सगळा धवला आठवला!"

आणि धवल्याबरोबर विधी आठवले. चाळीस वर्षांत गाळलेले सगळे.

खांब आले, तर प्रत्येक खांबाची वेगळी ओळ. आणि ओळ संपेपर्यंत त्या खांबाला एका बिनलग्नाच्या पोराने मिठी मारून उभं राहायचं. सोळा खांब, नऊ पोरं. एक सोडला की पळत जाऊन दुसरा धरायचा. मग उंबराची फांदी. उंबर आमच्या परसातच होता, दरवेळी तिथलीच तोडायचो. नाही, म्हणे खाडीपलीकडच्या उंबराची पाहिजे, अनवाणी जायचं, वाटेत बोलायचं नाही, फांदी खाली टेकवायची नाही. पुढारी गेला, आला, फांदी धरून घामाघूम. एका घराच्या कुत्र्याने त्याला बरंच पळवलं होतं आणि नियमाप्रमाणे त्याला ओरडताही आलं नव्हतं. मग तांदूळ धुवायला पाच विहिरींचं पाणी. मग जात्यावर हळद, तीही पोरांनीच दळायची, कारण ओळीत तसं होतं.

"आत्या," एकजण रडकुंडीला येऊन म्हणाला, "ह्ये कधीपासून?"

"माज्या आजेसासूच्या वेळंपासून. मीच मेली इसरलेले."

खरंच जुनं होतं की त्यातलं थोडं जागच्या जागी जुळवलेलं, देव जाणे. कारण अकराच्या सुमाराला जी ओळ आली ती आजेसासूच्या वेळची नक्की नव्हती. त्या ओळीत समुद्र विचारत होता, तांडेलाच्या होडीत जाळ्याखाली काय झाकलंय गं बाय. मागच्या बायकांनी सवयीने ओळ झेलली, दोनदा म्हटली, आणि मग त्यांना अर्थ लागला. सगळा मांडव पुढाऱ्याकडे बघायला लागला.

"तुमाला कसं कळलं?" पोर पुटपुटलं.

"चाळीस वर्सं मी कुटं लपवत व्हते, मेल्या?" म्हातारी म्हणाली. "जा, आन इकडं."

खोका आला. मला वाटलं, आता फोडायला लावते. तिने तो आपल्या पाटाच्या जागी ठेवायला सांगितला, वर गोणपाट नीट घडी करून टाकलं आणि त्यावर बसली. "पाट लई खाली व्हता. गुडगे भरून येत व्हते." आणि पुढची ओळ सुरू.

दुपारी जेवणं झाली. पोरं एवढी जेवली की मटण कमी पडलं. तोवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. तीन वाजता मात्र म्हातारीचा हात कापायला लागला. आधी कप कापला, मग बोटं, मग आवाज. एक ओळ तिने अर्धीच म्हटली आणि थांबली. पुन्हा तीच सुरू केली, पुन्हा तिथेच थांबली. कपाळावर घाम. चहा पुढे केला तर तिने मान हलवली. तिचा हात गोणपाटाच्या कडेवर गेला.

बाटल्या तिच्याखालीच होत्या, वाकलं की मिळाली असती. आणि मी तिला नको म्हणू कशी? बाईचा जीव कासावीस झालेला दिसत होता. पुढारी पुढे सरकला, हळूच म्हणाला, "काढू का, आत्या?" बाकीची पोरं त्याच्या मागे सरकली. मी दिराकडे बघितलं. कोपरापर्यंत हळदीने पिवळा, जात्याशी बसलेला. तो उठला आणि पोरांच्याच बाजूला चालला. मी मनात म्हटलं, गेलं. आता सगळं गेलं.

तर तो पोरांना ओलांडून पुढे गेला, खोक्यासमोर जमिनीवर मांडी घातली, आणि ती अडलेली ओळ म्हणायला लागला!

अगं, पुरुषांनी धवला म्हणायचा नसतो. आणि याचा आवाज तेव्हा नुकता फुटलेला. वर जायचा तो कोंबडीसारखा, खाली यायचा तो बेडकासारखा. शब्द तर सगळे उलटे. ओळ होती नवरीच्या भावाने मांडवात कळशी आणण्याची. याने नवरीलाच कळशीत घातली. नणंद आतून ओरडली, "अरे, मी कशी मावंन?" बायका फिदीफिदी हसायला लागल्या, पोरं शिट्ट्या मारायला लागली. हा लालबुंद झाला, पण थांबला नाही. पुन्हा पहिल्यापासून तेच चुकीचं, आणखी मोठ्याने.

आत्याबायने हात गोणपाटावरून उचलला आणि त्याच्या टाळक्यात मारला.

"असं नाय रे, मेल्या! माज्या धवल्याची चटनी केलीस! ऐक!"

आणि सुटली. आवाज घोगरा, हात कापताहेत, मधेमधे श्वास घेतेय, पण ओळ पुरी. पुढची जिथे अडली तिथे हा पुन्हा चुकीची म्हणायचा, ती पुन्हा टाळक्यात मारून बरोबर म्हणायची. हळद लागेपर्यंत दोघांचं हेच चाललं. खोक्यावरून ती उठली ती शेवटचा शब्द म्हणूनच. उठताना तिला दोन पोरांनी धरलं, त्यातला एक पुढारी होता.

खोका आमच्या ह्यांनी तांडेलाच्या घरी पोचवला, न उघडलेला. पुढे त्याचं काय झालं ते मी विचारलं नाही.

शनिवारी दीर गेटवर गेला. वॉचमनने नाव विचारलं. याने तोंड उघडलं तर आवाजच नाही! गाऊन गाऊन घसा बसलेला. नुसती हवा बाहेर. वॉचमन वाकला, वास घेतला, आलं नि हळद. तीनदा घेतला म्हणे, विश्वासच बसेना. शेवटी नाव कागदावर लिहून दिलं आणि आत गेला.

आत्याबाय सुधारली म्हणून सांगू? खोटं कशाला सांगू. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या आळीत तिने बाटली घेतली. पण पाटावर बसण्याआधी विचारायला लागली, "पोरांचा खोका हाय का? आसंल तं मी जाते घरी." कितीतरी घरांतून तो खोका त्यामुळे गेला. सगळ्यांतून नाही गेला. तांडेलाच्या त्या मुलाचं पुढे काही बरं झालं नाही. ते तुला एकदा वेगळं सांगेन, आज नको. पोर वाईट नव्हतं. खाडीपलीकडून फांदी आणली त्याने, खाली टेकवली नाही.

दीर आता निवृत्त झाला. आयुष्यात कधी थेंब घेतला नाही असं मी छातीठोक म्हणणार नाही, माझ्या पाठीमागे घेतला असेल एखादवेळी. पण बापाच्या वाटेने गेला नाही. परवा नातवाला खांद्यावर घेऊन आला होता, मी दारात उभी राहून बघतच राहिले. साठीतला माणूस, सासूबाई असत्या तर त्यांनीही बघितलं असतं तसंच. दर रविवारी येतो, वही घेऊन. आत्याबाय गेल्यावर अर्धा धवला त्याच्या डोक्यात राहिला नि अर्धा माझ्या, तो आम्ही उतरवून काढतोय. देवांच्या क्रमावरून आमचं कडाक्याचं भांडण चाललंय. तो म्हणतो डोंगरातले आधी, मी म्हणते खाडीतले. सासूबाई नाहीत, सांगणारं कोणी नाही. तेव्हा तू ये पुढच्या रविवारी. तुझ्या उमरोळीच्या घरून काय लांब आहे? खेकडे सांगून ठेवते. घाईत येऊ नकोस, दोन्ही पाय आत घेऊन ये, राहायलाच ये. आणि लवकर ये गं, आम्हा दोघांचंही वय झालंय.